देठ नसलेली तुती

स्टीलच्या वाटीत एकशे चौदा तुती होत्या, आणि एकशे पंधरावी तुती नव्हती. रंग तोच, आकार साधारण तोच, लांबी एक सेंटीमीटरच्या आसपास. पण तिला देठ नव्हता. पिकलेली तुती झाडावरून तोडली की हिरव्या देठाचा बारीक तुकडा तिच्याबरोबर येतो. तो कात्रीनं कापावा लागतो. शिवाय तुतीच्या अंगावर मणी असतात आणि हिचं अंग गुळगुळीत होतं. मी ती चिमट्यानं उचलून खिडकीच्या उजेडात धरली. आमच्या बांधावरच्या तुतीच्या सावलीत दुपारी रुखमाबाईच्या बकऱ्या बसतात, हे आठवायला मला दोन सेकंद लागले.

त्या रविवारी नाश्त्याला पोहे झाले.

मामाजी, म्हणजे माझे सासरे पंजाबराव, ओसरीत पाटावर बसले होते. मी ताटली पुढे ठेवली तेव्हा त्यांनी ती उचलून नाकाजवळ नेली.

"पोहे? सूनबाई, पोहे काऊन? आज तं केक होता ना. मी सकाळी उठून तुती आणल्या."

"आंबट निघाल्या, मामाजी."

मी खोटं क्वचित बोलते, त्यामुळे मला त्याचा सराव नाही. मामाजींचा घास हातातच राहिला.

"आंबट? माह्या हातच्या? एक-एक पाहून तोडली मी. काळीभोर."

"थोड्याशा आंबट होत्या."

"थोड्याशा," ते म्हणाले आणि पोह्यांतले शेंगदाणे बोटानं चाचपून वेगळे करू लागले. शेंगदाणे त्यांना आवडतात. ते शेवटी खातात. नंतर दिवसभर ते माझ्याशी बोलले नाहीत. संध्याकाळी त्यांनी हर्षलला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, एवढंच सांगितलं, "तुह्या बायकोले म्हन, उद्या आनतो त्या तुती खाऊन पाह्य म्हना."

वडनेर भोलजीला आमची चार एकर शेती आहे, हायवेच्या पलीकडे. त्यातल्या दीड एकरात तुती लावलेली आहे, रेशमाच्या अळ्यांसाठी. अळ्या पानं खातात. फळाशी त्यांचं काही देणंघेणं नाही. म्हणून रेशीमवाले ही झाडं छाटून कमरेएवढी ठेवतात. फळ म्हणजे फुकट गेलेलं पान, असं मामाजी म्हणायचे. विहिरीजवळच्या बांधावरचं एक जुनं झाड मात्र त्यांनी कधीच छाटलं नाही. कारण विचारलं तर म्हणत, "राहू दे ना. पाखरं खातात." फेब्रुवारी ते एप्रिल ते झाड तुतींनी काळं होतं आणि त्याखालची जमीन जांभळी.

मी नांदुऱ्याला कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. माझ्याकडे एक दशांश ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा आहे आणि दोनशे अंशांपर्यंतचं तापमापक. तीन वर्षांपूर्वी मी त्या झाडाच्या तुतींचा पहिला केक केला तेव्हा त्यात सोडा जास्त पडला आणि सगळा केक आतून निळा झाला. तुतीचा रंग आम्लात लाल राहतो आणि सोड्यात निळा पडतो, हे मी दरवर्षी अकरावीला शिकवते. स्वतःच्या स्वयंपाकघरात विसरले होते. मामाजींनी तो तुकडा हातात फिरवला.

"हा पाव निळा काऊन आहे वं?"

"रासायनिक क्रिया झाली."

"मरते का मानूस खाऊन?"

"नाही."

"मंग आन," म्हणाले, आणि अर्धा केक संपवला. पुढच्या वेळी मी दही वाढवलं, सोडा कमी केला, आणि केक जांभळा झाला. तेव्हापासून तुतीच्या मोसमात रविवारी केक आणि बाकीच्या दिवशी तुतीचं गोड धिरडं, हा घराचा नेम झाला. तुती मामाजी तोडणार. दुसऱ्या कोणी तोडलेल्या चालत नाहीत. "तोडाले नजर लागते," ते म्हणतात.

आणि नजर हाच तर आमच्या घरातला न बोलायचा विषय होता.

मागच्या वर्षी फेब्रुवारीत गावच्या मंदिराच्या सभागृहात डोळे तपासणीचं शिबिर झालं. मी नावं लिहायला बसले होते. भिंतीवर अक्षरांचा तक्ता लावला होता आणि समोर बाकावर म्हाताऱ्यांची रांग. एकेक जण उठून तक्ता वाचत होता, कोणी दोन ओळी, कोणी तीन, एखादा पाचही. मामाजींच्या पुढे त्यांचे लहानपणापासूनचे दोस्त भगवानराव होते. ते दुसऱ्याच ओळीला अडकले, पण गप्प बसतील तर भगवानराव कसले? त्यांनी त्या तपासणाऱ्या मुलीला विचारलं, "अन् ते सगळ्यात खाली बारीक-बारीक काय लिहेल आहे?" ती म्हणाली, "काका, ते छापखान्याचं नाव आहे, ते नाही वाचायचं." भगवानराव नापास झाले आणि शस्त्रक्रियेच्या यादीत गेले.

मग मामाजी उठले. त्यांनी पहिल्यापासून पाचव्या ओळीपर्यंत एक अक्षर न चुकता तक्ता म्हटला, आणि शेवटी म्हणाले, "अन् खाली छापखान्याचं नाव." म्हणताना त्यांचं तोंड तक्त्याच्या शेजारी टांगलेल्या कॅलेंडरकडे होतं. हे मला माझ्या टेबलावरून दिसत होतं. ती मुलगी तक्त्याकडे बघत होती, तिला दिसलं नाही. तिला इतका आनंद झाला की तिनं डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी माईकवरून जाहीर केलं की वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी पंजाबराव बिनचष्म्याचे छापखान्याचं नावसुद्धा वाचतात. सरपंचांनी शाल आणि नारळ दिला. तेव्हापासून गावात त्यांचं नाव घार पडलं.

मी नोंदवहीत त्यांच्या नावापुढे "सामान्य" असं लिहिलं. तो दिवस मला अजून टोचतो.

एप्रिलमध्ये एका सकाळी त्यांनी अळ्यांच्या शेडच्या दारात उभ्या केलेल्या पोत्याला "सरक बे" म्हटलं. पोतं सरकलं नाही म्हणून त्यांनी त्याला दुसऱ्यांदाही सांगितलं. त्यानंतर मी त्यांना, गावात कोणाला न सांगता, बुलढाण्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी तक्ता वाचायला सांगितला नाही, यंत्रातून पाहिलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजव्यात जास्त. पंधरा मिनिटांचं काम आहे, म्हणाले, पण फार लांबवू नका. पुढे अवघड होत जातं.

मामाजींनी मान हलवली आणि म्हणाले, "करू ना. एवढी बॅच होऊ द्या."

अळ्यांची एक बॅच साधारण सव्वीस-सत्तावीस दिवसांची. ती संपली की शेड धुवायची, पाला परत फुटला की दुसरी. त्या गोष्टीला अकरा महिने झाले होते आणि सहा बॅच. दर वेळी काहीतरी असायचंच: अळ्या लहान आहेत, अळ्या मोठ्या आहेत, कोष निघायचे आहेत, कोष निघाले पण जालन्याच्या कोष बाजारात न्यायचे आहेत. खरं कारण आम्हा सगळ्यांना माहीत होतं. शाल घेतलेला माणूस डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून गावातून कसा फिरणार?

दरम्यान ते रोज सकाळी आपल्या जुन्या मोपेडवर बसून हायवे ओलांडत होते. हर्षलनं एकदा लांबून पाहिलं. ते कडेला गाडी बंद करतात, डोकं तिरकं करतात, ट्रकचा आवाज कानानं तपासतात आणि मग जातात. इलेक्ट्रिक गाड्या आवाज करत नाहीत, हे मी त्यांना सांगितलं होतं. "वडनेरात कोनाकडं आहे ते?" त्यांनी विचारलं होतं. हायवेवरून फक्त वडनेरच्याच गाड्या जात नाहीत, हे सांगायला माझी जीभ रेटली नाही. माझी जीभ अशा वेळी रेटतच नाही. मी मोजते, लिहिते, आणि वही मिटते.

त्या देठ नसलेल्या तुतीच्या दिवशीही मी तेच केलं. नवीन वही काढली आणि लिहिलं: रविवार. एकूण एकशे पंधरा. पिकलेल्या काळ्या ब्याण्णव. कच्च्या लाल बावीस. इतर एक.

रोज मोजायचं ठरवलं. लाल तुतींचं प्रमाण वाढत गेलं तर आकडे त्यांच्यापुढे ठेवायचे. माणसाला नाही म्हणता येतं, आकड्याला म्हणता येत नाही, असा माझा विचार होता.

सोमवारी शंभरात दोन लाल. मंगळवारी तीन. बुधवारी एक. गुरुवारी दोन.

मी वही पुढे-मागे करून पाहिली. रविवारी शंभरात एकोणीस लाल आणि सोमवारी दोन? मोतीबिंदू एका रात्रीत बरा होत नाही. याचा अर्थ एक तर रविवारची मोजणी चुकली होती, किंवा रविवारी काहीतरी वेगळं होतं. पोहे सोडून रविवारी वेगळं काय होतं? सासूबाई घरी नव्हत्या. त्या रोहिणखेडला बहिणीकडे गेल्या होत्या. सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत आल्या.

शुक्रवारी मी सहाला उठून मागच्या अंगणात गेले. आशाबाई, माझ्या सासूबाई, सूप मांडीवर घेऊन बसल्या होत्या. सुपात तुती. त्या लाल तुती वेचून कोंबड्यांपुढे टाकत होत्या, आणि कोंबड्या अशा रांगेत उभ्या होत्या की हा कार्यक्रम त्यांच्या चांगला ओळखीचा असावा.

"आई?"

त्या दचकल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "हळू बोल. ते समोर दात घासून राह्यले."

"हे तुम्ही कधीपासून करता?"

"मागच्या सालपासून."

"मागच्या मोसमापासून?"

"मंग काय करू? लाल तुती पोटात गेली तं तुह्या केकाले नाव ठेवतीन लोक. अन् त्यायले सांगू का, तुमाले लाल-काळं दिसत नाही म्हनून? शाल अजून पेटीत वरच्या वरच ठेवली आहे त्यायनं. कपूर टाकून." त्यांनी आणखी एक लाल तुती भिरकावली. "तू कोनाले सांगू नको."

दुपारी कॉलेजातून येताना मी शेडवर गेले. हर्षल अळ्यांवर पाला टाकत होता. चौथी कात टाकून झालेल्या अळ्या पाला खातात तेव्हा पत्र्यावर पावसाची भुरभुर पडावी तसा आवाज येतो. त्या आवाजात बोललेलं लांब जात नाही. मी त्याला वही दाखवली. त्यानं "इतर एक" वर बोट ठेवलं.

"हे काय?"

मी सांगितलं. तो खाली बसून हसला. डोळे पुसले आणि परत हसला.

"तू बाबाच्या डोळ्यावर पीएचडी करून राह्यली का?"

"आई रोज लाल तुती काढून टाकतात, हे तुला माहीत होतं?"

त्याचं हसणं थांबलं. "आई पन?"

"पण म्हणजे?"

हर्षलनं पाल्याचा भारा खाली ठेवला. कोष निघाले की मामाजी मांडी घालून बसतात आणि डागी कोष, जोडकोष, पातळ कोष बाजूला काढतात. ते त्यांचं काम, दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाहीत. मागच्या पाच बॅचेसपासून ते झोपायला घरी गेले की हर्षल सगळी पोती परत उलटी करत होता आणि सगळी निवड परत करत होता.

"मले वाटलं, मले एकट्यालेच माहीत आहे," तो म्हणाला.

म्हणजे घरातल्या तिघांपैकी प्रत्येक जण गुपचूप मामाजींच्या नजरेची भरपाई करत होता, आणि प्रत्येकाला वाटत होतं की बाकीच्यांना काही कळलेलं नाही. सोमवारपासूनचे माझे चार दिवसांचे आकडे मामाजींच्या डोळ्यांचे नव्हतेच. ते सासूबाईंच्या डोळ्यांचे होते. त्यांचे डोळे उत्तम आहेत. नमुना हातात आला की आधी विचारायचं, तो कोणाकोणाच्या हातातून आला आहे. हेही मी दरवर्षी अकरावीला शिकवते.

"आपन असं केलं म्हनूनच ते थांबले असतीन," हर्षल म्हणाला. "त्यायले कुठं काही अडलंच नाही."

"मग सांगायला हवं."

"हाव. सांग ना."

"मी?"

"तुह्याजवळ वही आहे."

मी वही पिशवीत ठेवली. शनिवारी सांगू, असं ठरवलं. शनिवारी भगवानराव पुण्याहून परत आले आणि मामाजींची मनःस्थिती बिघडली, म्हणून राहिलं. बॅच होऊ द्या म्हणणारे घरात मामाजी एकटेच नव्हते.

भगवानरावांचे दोन्ही डोळे झाले होते. ते चार महिने मुलाकडे राहून आले होते आणि शनिवारी सकाळी आमच्या ओसरीसमोरून जाताना रस्त्यावरूनच ओरडले, "पंजाब्या! बे, तुह्या मिशीत सात केस काळे आहेत अजून!"

"आठ आहेत," मामाजी म्हणाले.

"सात आहेत. मी इथून मोजले. टॉवरवर कावळा बसला आहे तो दिसून राह्यला का तुले?"

मामाजींनी टॉवरच्या साधारण दिशेनं पाहिलं. "हाव. दिसते ना."

"उडाला तो."

"उडतानाच पाह्यला मी."

भगवानराव हसत पायऱ्या चढले. सुनेच्या केकाचं पुण्यापर्यंत नाव झालं आहे, म्हणाले, उद्या सकाळी खायलाच येतो. मामाजींना नाही म्हणता आलं नाही. ते गेल्यावर मामाजी मला म्हणाले, "उद्याचा केक असा झाला पाह्यजे की त्याचं तोंड बंद. अन् वरची नक्षी मी करीन. सारा काळा, मधात एक लाल टिकला. दाखवतो त्याले, घार कोनाले म्हनते."

रविवारी पहाटे मी पीठ मोजलं: दोनशे ग्रॅम कणीक, एकशे तीस ग्रॅम गूळ, दही, लोणी, आदल्या दिवशीच्या काळ्या तुतींचा गर, सोडा चिमूटभर आणि मोजून. केक आम्ही अंगणात भाजतो, कणकेचे रोडगे भाजतात तसा गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर, जाड पितळी डब्यात, झाकणावर निखारे ठेवून. निखारे मामाजी बघतात. बघतात म्हणजे तळहात वर धरतात. "झाला," ते म्हणाले. मी तापमापक लावलं: एकशे अठ्ठ्याहत्तर अंश. मला एकशे ऐंशी हवे होते. या एका बाबतीत मला त्यांची वही करायची कधी गरज पडली नाही.

सासूबाईंना मी आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं की आज वेचू नका, मला लालही लागतील. मामाजींनी आणलेल्या तुती मी दोन वाट्यांत वेगळ्या केल्या. दोन्ही वाट्या जवळजवळ सारख्याच भरल्या. मी मोजल्या नाहीत. मोजायची गरज नव्हती.

केक थंड झाल्यावर परात त्यांच्यापुढे ठेवली. "मामाजी, डावीकडे काळ्या, उजवीकडे लाल."

"दिसते मले," ते म्हणाले.

मी चहा-फराळाचं बघायला आत गेले. वीस मिनिटांनी डोकावले तेव्हा ते उजेडासाठी पाटासकट वळून परातीच्या पलीकडच्या बाजूला बसले होते. परात आणि वाट्या जागेवरच होत्या. माणूस उलटा झाला होता. ते एकेक तुती उचलून, बोटानं कडा चाचपत, शेजारच्या तुतीला टेकवून ठेवत होते. पाच वर्तुळं, एकात एक, कंपासनं काढावीत तशी. एकही तुती ओळीबाहेर नव्हती. सगळा केक लालभडक होता आणि मधोमध एक काळा ठिपका.

एकही चूक नव्हती. फक्त सगळं उलटं होतं.

मी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात भगवानराव आले.

सगळे ओसरीत बसलो. मामाजींनी परात स्वतः उचलून भगवानरावांपुढे ठेवली आणि मागे टेकून बसले. मिशीवरून हात फिरवला. भगवानराव केकावर वाकले, उठले, परत वाकले.

"हे काय बे? सारा लालच लाल अन् मधात एक काळा? कच्च्या तुती लावल्या वरून? कोनं केली ही नक्षी?"

"मी," सासूबाई म्हणाल्या.

"मी," हर्षल म्हणाला.

"मी," मी म्हणाले.

तिघं एकदम. मग तिघं एकमेकांकडे बघायला लागलो.

"एवढ्याशा केकाले तीन कारागीर?" भगवानराव म्हणाले.

मामाजींनी हात पुढे केला. बोटांनी केकाचा मध्य शोधला, तिथली एक तुती उचलली आणि तोंडात टाकली. चावली. मग कडेची एक उचलली आणि चावली. त्यांचा उजवा डोळा आंबटानं मिटला. मग त्यांनी परत मधल्या ठिकाणी चाचपून पाहिलं, पण तिथे दुसरी नव्हती. त्यांनी हात धोतराला पुसला.

"नक्षी मी केली," ते म्हणाले. "तुमी तिघं कायले बोलले?"

त्यांनी सासूबाईंच्या दिशेला बोट केलं.

"आशा, तू सांग."

सासूबाईंनी पदर नीट केला. "मी रोज लाल वेचून कोंबड्यायले टाकतो. मागच्या सालपासून."

"रोज?"

"रोज. कोंबड्या माह्या आवाजावर येतात आता."

"हर्षल?"

"कोष मी परत निवडतो, बाबा. पाच बॅच झाल्या."

मामाजी माझ्याकडे वळले. म्हणजे माझ्या डावीकडच्या खांबाकडे वळले. "अन् सूनबाई, तुमी?"

मी आत जाऊन वही आणली.

"वाचा."

मी वाचलं. सोमवारपासून गुरुवारपर्यंतचे आकडे वाचले आणि सांगितलं की हे आकडे खरे नाहीत, आईंनी आधी निवडलेले आहेत. मग रविवारचा वाचला, कारण तो एकच खरा होता. "एकूण एकशे पंधरा. पिकलेल्या ब्याण्णव. कच्च्या बावीस. इतर एक."

"इतर म्हंजे?"

मी हर्षलकडे पाहिलं. हर्षल छताकडे पाहत होता.

"रुखमाबाईच्या बकरीची लेंडी, मामाजी."

भगवानरावांच्या हातातला चहा बशीत सांडला. सासूबाईंनी पदर तोंडात धरला. मामाजी मात्र हसले नाहीत. ते आठवत होते.

"म्हंजे तुमी मले..."

"नाही. त्या दिवशी पोहे केले होते."

"हाव," ते हळूहळू म्हणाले. "पोहे होते. म्हंजे तुती आंबट नव्हत्या."

"बावीस होत्या. ब्याण्णव गोड होत्या. मी खोटं बोलले."

"ब्याण्णव गोड होत्या," त्यांनी भगवानरावांना सांगितलं, जणू केस तिथे संपली. मग खालच्या आवाजात, "खाली पडेल वेचल्या असतीन मी दोन-चार. त्यात आली असन ते." आणि मग त्यांच्या खांद्यांपासून हसू सुरू झालं आणि मिशीपर्यंत आलं. सगळ्यात मोठ्यानं तेच हसले.

हसून झाल्यावर ते अंगठ्यानं पाटाची कड घासत राहिले.

"शालीचं काय करू?" ते म्हणाले. हा प्रश्न कोणाला होता, कळलं नाही.

भगवानरावांनी बशीतला चहा पिऊन टाकला. "कोनती शाल? छापखान्याची?"

मामाजींचा अंगठा थांबला.

"बे पंजाब्या, मीच तं इचारलं होतं त्या पोरीले, खाली काय लिहेल आहे म्हनून. तुह्या पुढं मी होतो. छापखान्याचं नाव कोनी 'छापखान्याचं नाव' असं वाचते का?"

"तुले माहीत होतं?"

"पह्यल्या दिवसापासून."

"मंग सांगतलं काऊन नाही बे?"

"शाल चांगली दिसे तुले," भगवानराव म्हणाले. "अन् सांगू कोनाले? अर्ध्या गावाले माहीत आहे. उरलेल्या अर्ध्यानं बी बाकावर बसून तेच पाठ केलं होतं. त्यायचा नंबर येईपर्यंत तपासनी संपली म्हनून वाचले." त्यांनी परातीकडे हात केला. "ते सोड. मले त्यातला एक तुकडा दे. वरच्या तुती काढून दे. ते खालचं जांभळं-जांभळं दिसते ना, ते. पंजाब्या, खरं सांगतो, इतका जांभळा रंग मी धा सालात पाह्यला नव्हता. मले वाटलं होतं, जगातला जांभळाच कमी झाला."

मी केक कापला. वरच्या लाल तुती चमच्यानं बाजूला सारल्या. आतला भाग ओलसर, गडद, कडेला गुळाची तपकिरी रेघ. मामाजींनी आपला तुकडा डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला, मग उजेडाकडे वळून परत जवळ नेला.

"जांभळा आहे?" त्यांनी मला विचारलं.

"हो."

"निळा नाही ना?"

"नाही. दही बरोबर पडलं."

"मले भुरा दिसते," ते म्हणाले. हे वाक्य मी त्यांच्या तोंडून अकरा महिन्यांत पहिल्यांदा ऐकलं. त्यांनी तुकडा खाल्ला, बोटं चाटली, पाण्याचा तांब्या शोधून चूळ भरली.

"हर्षल, अळ्या किती दिसाच्या झाल्या?"

हर्षलनं माझ्याकडे पाहिलं. सासूबाईंनी मान खाली घातली. हा प्रश्न कुठे जातो, हे आम्हाला सहा बॅचेसपासून पाठ होतं. "एकवीस," तो म्हणाला. "चार-पाच दिवसांत कोष धरतील."

"म्हंजे ऐन टायमाले."

"हो, बाबा."

मामाजींनी मान हलवली. मग मिशीवरचा केकाचा कण पुसला, पाट मागे सारला आणि उठून उभे राहिले, शिबिरात तक्त्यापुढे उभे राहिले होते तसेच ताठ. तोंड या वेळी बरोबर माझ्याकडे होतं.

"ही बॅच हर्षल काढीन," ते म्हणाले. "सूनबाई, त्या बुलढान्याच्या डाक्टरले फोन लावा. म्हना, पंजाबराव उद्या येऊन राह्यला, डोळ्याचं आपरेशन कराले. आधी उजवा."